लेकीबरोबर वेल्सच्या पावसात

वेल्स इंग्लंडला चिकटून आहे, आमची निपाणी कागलला चिकटून आहे तशी. हद्द नेमकी कुठं लागली ते कळत नाही. रस्ता तोच, कुरणं तीच, मेंढरं तीच. फक्त पाट्यांवर एकाच्या जागी दोन ओळी दिसायला लागतात, त्यातली एक काही केल्या वाचता येत नाही, आणि गाडी चालवणारा जावई म्हणतो, "अत्ती, वेल्स आलं."

अत्ती म्हणजे कन्नडात सासूबाई. माझा जावई बसवराज चिकोडीचा, घरची भाषा कन्नड. माझी मुलगी रूपाली बेळगावजवळच्या पिरनवाडीत वाढलेली, सातवीपर्यंत मराठी शाळेत, आणि त्याच शाळेत मी शिक्षिका. दोघं बेंगळुरात नोकरीला असताना भेटले. नऊ वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न केलं आणि बर्मिंगहॅमला गेले. लग्नाला आमच्याकडून कुणी गेलं नाही. रूपालीचे आप्पा तरुणपणापासून सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात असायचे, पाठीवर लाठीचे वळ घेऊन आलेला माणूस. कन्नड जावई त्यांना सोसला नाही. त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. मी मात्र गच्चीवर वाळवण बघायला जाते म्हणून जायची आणि चोरून फोन करायची. मला वाटायचं, मी फार मोठं काम करते आहे.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. रूपाली पाचव्या दिवशी आली, फोटोसमोर उभी राहिली, आठवड्यानं परत गेली. यंदा मात्र तिनं स्वतःहून बोलावलं. "महिनाभर ये. तारालाबी बरं वाटंल." तारा म्हणजे माझी नात, सात वर्षांची.

महिन्यातले तीन दिवस आम्ही गाडीनं उत्तर वेल्समध्ये फिरलो. पहिला दिवस जाण्यात गेला आणि तिसरा येण्यात, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते मधल्या दिवसाचं. त्या दिवशी सकाळी डोळे उघडले तेव्हा पाऊस पडत होता आणि संध्याकाळपर्यंत तो एकदाही थांबला नाही.

किल्ला

आम्ही कॉनवी नावाच्या समुद्रकाठच्या गावात एका बाईंच्या घरी उतरलो होतो. वर दोन खोल्या पाहुण्यांना, खाली त्या स्वतः. सकाळी त्यांनी टोमॅटोच्या गोड रसातल्या घेवड्याच्या बिया, अंडी आणि टोस्ट मांडलं. मी हळूच पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला. बसवराजनं तीन दशम्या खाल्ल्या. "अत्ती, माझी आई हितं बसलीया असं वाटलं बघा," म्हणाला. रूपालीनं टोस्ट खाल्ला. ताराला मी तुकडा दिला, तो तिनं चाखला आणि तिखट लागल्यावर जीभ बाहेर काढून खोलीभर पळाली. बाईंना त्याचं हसू आलं. रूपालीला आलं नाही.

पावसाचं मला कौतुक नाही. खानापूरकडच्या शाळेत मी चार वर्षं काढली आहेत. तिथं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, वह्यांना बुरशी येते. पण तो पाऊस वरून पडतो. इथला बाजूनं येतो. समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी आडवं तोंडावर मारतो. बेळगावहून नेलेली माझी छत्री किल्ल्याच्या दारातच उलटी झाली आणि तिच्या दोन काड्या मोडल्या. आजूबाजूला कुणाकडेच छत्री नव्हती. सगळे टोपीचा कोट घालून, माना खाली घालून चालत होते, जसं काही पडतच नाही.

किल्ला मोठा आहे. आठ बुरूज, वर छप्पर नाही, आत गवत. बसवराज ताराला सांगत होता की हा किल्ला इथल्या लोकांनी बांधलेला नाही, इंग्लंडच्या राजानं बांधला, इथल्या लोकांना धाकात ठेवायला. म्हणजे आपल्या गावात आपल्याला वचक बसावा म्हणून दुसऱ्यानं उभा केलेला किल्ला, आणि आता त्याच गावचे लोक तो बघायला येणाऱ्यांना खोल्या देतात. मला आमच्या ह्यांची आठवण झाली. ते असते तर तिथंच उभे राहून त्यांनी भाषण केलं असतं.

बुरुजाचा जिना गोल आणि अरुंद. पायऱ्या झिजून मध्ये खोलगट झालेल्या, त्यात पाणी साचलेलं. उतरताना माझा पाय सटकला. दोन पायऱ्या मी बसतच खाली आले. मागून बसवराजनं दंडाला धरलं आणि घाबरून त्याच्या तोंडातून त्याची भाषा आली, "हुशार्री अत्ती, जारतद!" सांभाळा, घसरतंय. माझ्याही तोंडातून निघून गेलं, "एनागिल्ल बिडप्पा." काही झालं नाही रे बाबा.

निपाणीच्या बाजारात वाढलेली मी. तंबाखूच्या वखारीपाशी आमचं घर. मराठी आणि कन्नड मला दोन्ही एकाच वयात आल्या, कुठली आधी ते आईलाही सांगता आलं नसतं. पण लग्न होऊन पिरनवाडीला आले आणि घरात कन्नड बोलायचं मी बंद केलं. कचेरीत, बसमध्ये बोलायची. उंबऱ्याच्या आत नाही. त्यामुळे जावयाशी नऊ वर्षांत मी कन्नडात एक शब्द बोलले नव्हते. तो माझ्याशी मराठीच बोलायचा, आमच्यापेक्षा जरा गावठी, पण स्वच्छ.

खाली उभी असलेली रूपाली वर बघत होती. तारानं टाळ्या वाजवल्या. तिच्या इंग्रजीत ती ओरडली, "ग्रॅनला डॅडीची भाषा येते!"

गाडीत

डोंगरावर जाणारी छोटी आगगाडी त्या दिवशी वाऱ्यामुळे बंद होती. तसा फलक बघून आम्ही परत गाडीत बसलो. काचांवर वाफ. बाहेर शाळेची पाटी करतात तसल्या करड्या दगडाची घरं, त्याच दगडाची छपरं, त्याच्याच कुंपणाच्या भिंती. वळणावर रस्त्यावरच मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: इंग्रजीत 'हळू', आणि त्याच्याच वर किंवा खाली तिथल्या भाषेत 'आराव'. तारा प्रत्येक वळणाला "आराव!" ओरडायची.

मी बसवराजला विचारलं, "हितं पाट्यांवरनं भांडणं न्हाईत काय रं?"

"झाली की अत्ती. माझ्या हापिसात एक म्हातारा हाय, हिकडचाच. त्यो सांगतोय, त्याच्या तरुणपणी पोरं रात्रीची इंग्रजी पाट्यांवर रंग फासायची. तुरुंगातबी गेली."

"मग?"

"मग काय, दोन्ही लिवलं."

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की मला राग आला. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य ज्यात गेलं ते काम कुणीतरी दोन ओळींत मिटवून टाकलं, आणि आमच्याकडे कुणाला ते जमलं नाही, कुणाला करायचंच नव्हतं.

तेवढ्यात तारानं काचेवर बोटानं रेघोट्या ओढत मला विचारलं, "ग्रॅन, याला तुझ्या भाषेत काय म्हणतात?" ती बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवत होती.

"पाऊस."

"पाऊस," ती म्हणाली. अगदी स्पष्ट. मग पुढे वाकून, "आणि डॅडी, तुझ्या भाषेत?"

"मळी," बसवराज आरशात बघत म्हणाला.

"पाऊस मळी पाऊस मळी," तारा तालात म्हणायला लागली. मी तिला हाताला धरून ताल दिला. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी, मला राहवलं नाही. पत्रे, ओढा, चिखल, एकेक शब्द देत गेले, ती झेलत गेली.

"बास," रूपाली पुढच्या सीटवरून म्हणाली. मान न वळवता.

"अगं, खेळायलीय पोर."

"आई, बास म्हटलं न्हवं? आमच्या घरात ठरलंय. तिच्याशी इंग्रजीच बोलायचं."

"दोन-चार शब्दांनी काय बिघडतंय?"

"दोन-चार शब्दच असतात पहिल्यांदा. मग तुमची का आधी, आमची का न्हाय. मग कुणाच्या घरात कुठली. मला माझ्या घरात ते नको. दोन्हीबी नकोत. त्या दोन्ही भाषांत मी लई रडलीया."

मी बसवराजकडे बघितलं तर त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. तेव्हा मला कळलं की हे ठरवलेलं रूपालीनं आहे, त्यानं मान्य केलेलं आहे. त्याच्या आईनंही चिकोडीत माझ्यासारखाच फोन कानाला धरून, नातीचं इंग्रजी ऐकत बसायचं. ह्या एका गोष्टीत आमची दोन घरं सारखी निघाली.

जुनी शाळा

दुपारी एका खेड्यात थांबलो. पावसात बघण्यासारखं म्हणून तिथं जुन्या शाळेचं छोटंसं संग्रहालय होतं. दारावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, शेगडीपाशी. आत दोन खोल्या, लाकडी बाकं, शाईच्या दौती, फळा, पाट्या. मला बरं वाटलं. शाळा कुठलीही असो, तिचा वास एकच असतो: लाकूड, खडू, ओले बूट.

काचेच्या पेटीत लाकडाचा एक तुकडा होता, तळहाताएवढा, त्याला दोरी, त्यावर दोन-तीन अक्षरं कोरलेली. ताराला ती अक्षरं वाचता येईनात. म्हातारे उठून आले आणि तिला समजावून सांगू लागले. जुन्या काळी शाळेत इथली भाषा बोलायला बंदी होती. जो मुलगा बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात हा तुकडा अडकवायचे. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडलं की तो त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी.

म्हातारे परत शेगडीपाशी गेले. तारा पेटीच्या काचेला नाक लावून उभी. तिनं रूपालीला विचारलं, "तुझ्या शाळेत असं होतं, मम?"

रूपाली तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली. मग तिनं सांगितलं. इंग्रजीत, हळू, ताराला कळेल असं. मलाही सगळं कळलं.

"शाळेत नव्हतं. घरी होतं. मी तुझ्यापेक्षा एक वर्षानं लहान होते. शेजारच्या मुलीनं मला पावसाचं एक गाणं शिकवलं होतं. कन्नड. मी ते म्हणत घरात आले. माझ्या वडिलांना राग आला. त्यांनी मला मागच्या अंगणात उभं केलं आणि दाराला कडी घातली. म्हणाले, मराठीत म्हण, मग आत ये. पाऊस पडत होता. मला ते मराठीत येत नव्हतं. मी उभी राहिले."

"किती वेळ?" तारानं विचारलं.

"खूप."

"आणि ग्रॅन कुठं होती?"

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. "विचार तिला."

आता मला ते सांगायला हवं जे मी तिथं सांगितलं नाही. त्या दिवशी हे घरात नव्हतेच. सकाळच्या मोर्चातून पोलिसांनी त्यांना धरून नेलं होतं. गल्लीतली चार-पाच माणसं ती बातमी घेऊन आमच्या सोप्यात बसली होती, मी चहा ठेवला होता. आणि त्यांच्यामधून ही सहा वर्षांची पोर कन्नड गाणं म्हणत, उड्या मारत आत आली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. गल्लीत ह्यांना अण्णा म्हणायचे. एकजण म्हणाला, "बाई, अण्णा तिकडं लाठ्या खायलेत आणि तुमच्या घरात हे?" त्यात दुसरं काही नव्हतं, पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी रूपालीला दंडाला धरून मागं नेलं, अंगणात ढकललं आणि कडी घातली. "मराठीत म्हण, मग आत ये," हे वाक्य माझं. ते सोप्यात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मी ते म्हटलं. माणसं जाईपर्यंत तासभर ती बाहेर होती. रात्री तिला ताप भरला.

दोन दिवसांनी हे सुटून आले. तोवर गल्लीत पसरलं होतं की अण्णांच्या घरात लई कडक शिस्त. मी कधी दुरुस्त केलं नाही. पुढं घरात जे जे कठोर घडलं ते त्यांच्या नावावर जात राहिलं, आणि त्यांनीही कधी झटकलं नाही. मी बाप-लेकीच्या मधली, मवाळ, गच्चीवरून फोन करणारी.

त्या शाळेच्या खोलीत तारा माझ्याकडे तोंड वर करून बघत होती. मी तिला म्हणाले, "मला नीट आठवत नाही गं. फार जुनी गोष्ट." माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. मग तिच्या डोक्यावरची टोपी सारखी केली.

चहाचं दुकान

शेजारी चहाचं दुकान होतं. तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या छोट्या गोड चकत्या तिथं मिळतात, वर साखर पेरलेली. चव आपल्या गोड दशमीच्या जवळची, पण लोणी फार. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांची नात टेबलाखाली बसून चित्र रंगवत होती आणि दोघींचं त्यांच्या भाषेत अखंड चाललं होतं. पोर तिला 'नाइन' म्हणत होती. नाइन म्हणजे आजी, बाईंनीच सांगितलं. माझी साडी बघून त्यांनी विचारलं, कुठून आलात? बसवराज म्हणाला, भारतातून. "तुमची भाषा कोणती?" त्यांनी साधंच विचारलं.

टेबलाशी आम्ही चौघं. मी बसवराजकडे बघितलं, त्यानं रूपालीकडे. शेवटी तारा म्हणाली, "आम्ही इंग्लिश आहोत."

बाई हसल्या, आणखी दोन चकत्या ताटलीत ठेवून गेल्या. रूपाली खिडकीबाहेर बघत होती. बसवराजनं चकतीचा तुकडा मोडला आणि तो बशीतच ठेवून दिला.

समुद्राकाठी

परत कॉनवीला आलो तेव्हा सात वाजले होते. तिकडं उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो, ढगांतून का होईना. बसवराज ताराला घेऊन खोलीवर गेला. रूपाली म्हणाली, मी जरा बंदरावर चालून येते. मी न विचारता तिच्या मागून गेले.

ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. पाऊस आता बारीक झाला होता, आमच्याकडं झिमझिम म्हणतात तसा. आम्ही एका शेडखाली उभ्या राहिलो. दुपारी शाळेच्या खोलीत सांगितलं नव्हतं ते मी आता सांगितलं.

"रूपे, त्या दिवशी कडी मी घातलेली."

ती म्हणाली, "माहितेय."

"तुला... कसं?"

"कसं म्हणजे? मला धरून नेलं कुणी? आप्पा तर त्या दिवशी घरातच नव्हते. तिसऱ्या दिवशी आलते. माझा ताप उतरला न्हवता, माझ्या उशाला बसलते."

मी शेडचा खांब धरला. "मग तारासमोर त्यांचं नाव का घेतलंस?"

"बघितलं, तू काय म्हणतीस ते."

समुद्राकडून दोन पक्षी ओरडत आले आणि होडीवर बसले. मी म्हणाले, "मला लाज वाटली गं. सगळे बघायलते. तेव्हा पण, आज पण."

"मला त्या उभं राहण्याचं काय वाटत न्हाय आता," रूपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते तोंडावर सांगून टाकलं. मला राग धरता आला. मी लई भांडले त्यांच्याशी मनातल्या मनात. तुझ्याशी कसं भांडायचं? तू दर रविवारी फोन करायचीस, जेवलीस काय विचारायचीस. आप्पांना सांग ना गं, म्हटलं की म्हणायचीस, त्यांचा स्वभाव तुला माहितेय. एकदा तरी विचारलंस काय त्यांना?"

मी नाही म्हणाले. ते होते त्या सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते कदाचित हो म्हणाले असते, ही भीती मला होती. ते हो म्हणाले असते तर मग मधली म्हणून माझं काय राहिलं असतं? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. इथं लिहिते आहे.

"मी क्षमा मागते, रूपे."

"माग," ती म्हणाली. "ऐकायलीय मी." आणि खरंच ऐकत उभी राहिली, हात कोटाच्या खिशात घालून. मी मागितली. मराठीत, मग काय बोलावं सुचेना तेव्हा निपाणीच्या कन्नडातसुद्धा. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "चल, भिजशील," आणि पुढं चालायला लागली. माझ्यासाठी थांबत थांबत, पण पुढं.

महिना पुरा करून मी परत आले. पिरनवाडीत बायका फोटो मागतात. किल्ल्यावरचा आहे, मोडकी छत्री हातात घेतलेला, सगळे हसताहेत. छान दिसते लेक, म्हणतात. जावई पण चांगला वाटतो. चांगलाच आहे, मी म्हणते. आता मी त्याच्याशी कन्नडात बोलते, घरातूनसुद्धा, गल्लीत ऐकू गेलं तरी. त्याला फार आनंद होतो. त्याच्या आईला भेटायला एकदा चिकोडीला जाऊन आले. दोघींनी भाकरी खाल्ली आणि नातीबद्दल बोललो.

फोन अजून दर रविवारी होतो. पडद्यावर तारा असते. ती इंग्रजीत शाळेचं सांगते, मी इंग्रजीत उत्तर देते, शब्द अडला की हातवारे करते. फोन रूपालीनं धरलेला असतो. ती दिसत नाही. कधी फोन हलला तर कडेला तिचा अंगठा दिसतो.

"रूपाली, जेवलीस काय?" मी विचारते.

"व्हय," असा आवाज येतो.

मग तारा पुन्हा बोलायला लागते.